तीन पिढ्यांनी येणारी लाट

१८९६ च्या १५ जूनला जपानच्या ईशान्येकडील सानरिकू किनाऱ्यावर सण होता. जुन्या पंचांगाप्रमाणे ती पाचव्या महिन्याची पाचवी तिथी, मुलग्यांच्या सणाचा दिवस. शिवाय चीनशी झालेले युद्ध आदल्याच वर्षी संपले होते आणि परतलेल्या सैनिकांचे सत्कार गावोगाव चालले होते. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जमीन हलली, पण इतकी मंद की कुणाला घर सोडावेसे वाटले नाही. अर्ध्या तासाने समुद्र गावांत शिरला आणि सुमारे बावीस हजार माणसे घेऊन गेला. त्याच किनाऱ्यावर ३ मार्च १९३३ च्या पहाटेपूर्वी पुन्हा भूकंप झाला, पुन्हा लाट आली आणि तीन हजारांच्या आसपास माणसे गेली. १९६० साली पॅसिफिक ओलांडून चिलीच्या भूकंपाची लाट आली. आणि मग ११ मार्च २०११. या किनाऱ्याच्या इतिहासात नजरेत भरतात ती मधली वर्षे. पहिल्या दोन संहारांमध्ये सदतीस वर्षे गेली, १९३३ आणि २०११ यांच्यात अठ्ठ्याहत्तर. एवढ्या काळात घरात आजी होती ती पणजी होऊन निघूनही जाते.

संकट परतून येण्याचा काळ माणसाच्या आठवणीपेक्षा लांब असला, तर त्याची तयारी जपायची कुणी? जपानने या प्रश्नाची तीन उत्तरे करून पाहिली. पहिले दगडाचे. सानरिकू किनाऱ्यावर लाटांची आठवण सांगणारे शेकडो शिलालेख उभे आहेत. आनेयोशी या छोट्या वस्तीतला शिलालेख या जागेच्या खाली घर बांधू नका असे बजावतो. तिथल्या लोकांनी ते ऐकले आणि २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली. पण बहुतेक गावांत दगड जागेवर राहिले आणि घरे हळूहळू समुद्राकडे सरकली. दुसरे उत्तर सरकारचे: भिंती, भोंगे, नकाशे, कवायती. तिसरे उत्तर घराचे. सण, गोष्ट, खेळ, मुलांची लुटुपुटूची मोहीम अशा रूपांनी ते आले, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळाली नाही. माझे म्हणणे असे की पिढ्या ओलांडून टिकण्याची खरी ताकद या तिसऱ्या उत्तरात आहे, कारण आनंदाची गोष्ट पुन्हा करायला कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. पण त्याच कारणाने ते उत्तर धोक्याचेही ठरू शकते. या दोन्ही गोष्टींचा पुरावा जपानच्याच इतिहासात मिळतो.

आधी टिकण्याचा पुरावा पाहू. डिसेंबर १८५४ मध्ये पश्चिम जपानच्या आजच्या वाकायामा प्रांतातल्या हिरो या गावावर भूकंपामागोमाग लाटा आल्या. सोया सॉस बनवणाऱ्या सधन घराण्यातला हामागुची गोर्यो हा तेव्हा पस्तिशीचा तरुण होता. अंधारात वाट चुकलेल्या लोकांना उंचावरच्या देवळाकडे जाण्याची दिशा कळावी म्हणून त्याने शेतातल्या भाताच्या पेंढ्यांच्या गंजी पेटवल्या आणि त्या उजेडात अनेक जण वर पोचले. त्याचे मोठे काम मात्र त्यानंतर सुरू झाले. घरे, होड्या, जाळी सगळे गमावलेले लोक गाव सोडून निघाले होते. त्यांना थांबवायचे तर रोजगार हवा होता. हामागुचीने स्वतःच्या पैशातून त्यांना मजुरी देऊन समुद्राकाठी सुमारे सहाशे मीटर लांब आणि पाच मीटर उंच बांध घालून घेतला. काम चार वर्षे चालले. बांधाच्या समुद्राकडच्या अंगाला झाडे लावली गेली. १९४६ च्या डिसेंबरात पुन्हा मोठी लाट आली तेव्हा बांधामागचे मुख्य गाव वाचले, बांधाबाहेरच्या सखल भागात मात्र माणसे दगावली.

या घटनेची आठवण दोन वाटांनी पुढे गेली. एक वाट पुस्तकाची. १८९६ च्या संहारानंतर जपानमध्ये राहणारा लेखक लाफ्कादिओ हर्न याने हिरोची कथा इंग्रजीत लिहिली. त्याने तरुण हामागुचीला टेकडीवर राहणारा वृद्ध केले आणि समुद्र मागे हटताना पाहून तो कापणी केलेले पीक पेटवतो, आग विझवायला गावकरी वर धावतात आणि वाचतात, अशी रचना केली. वाकायामातले शिक्षक नाकाई त्सुनेझो यांनी त्यावरून मुलांसाठी जपानीत पाठ लिहिला. १९३७ पासून तो देशभरच्या पाठ्यपुस्तकात होता आणि दहा वर्षे लाखो मुलांनी वाचला. १९४७ मध्ये, युद्धोत्तर बदलांत तो पाठ गेला. हामागुचीचे चरित्र शालेय पुस्तकात परत आले ते थेट २०११ साली. दुसरी वाट गावाची. १९०३ मध्ये, पन्नासावे वर्ष धरून, हिरोच्या लोकांनी बांधावर मूठमूठ माती वाहून टाकायला सुरुवात केली आणि त्याचा वार्षिक सण झाला. आजही हिरोची शाळकरी मुले त्या दिवशी माती घेऊन बांधावर चढतात. पुढे संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा दिवस जागतिक त्सुनामी जागृतीसाठी निवडला तो हिरोच्या त्या लाटेच्या जुन्या तिथीवरूनच. सरकारी अभ्यासक्रमाने ती कथा सहा दशकांहून अधिक काळ बाजूला ठेवली, पण गावाचा सण चालू राहिला. पाठ टिकवायला दरवेळी कुणाचा तरी निर्णय लागतो. सण एकदा रुजला की तो मोडायलाच निर्णय लागतो. शिवाय माती वाहणाऱ्या मुलाला नुसती गोष्ट कळत नाही. बांध कुठे आहे, किती उंच आहे, त्याच्या पलीकडे कुठल्या बाजूला समुद्र आहे, हे सगळे त्याच्या पायांना ठाऊक होते.

आगीच्या बाबतीत हाच प्रकार त्याहून जुना आहे. आजच्या टोकियोच्या जागी असलेले एदो हे लाकडी घरांचे शहर होते. १६५७ च्या महाआगीत तिथे एक लाखाच्या आसपास माणसे गेल्याचे सांगितले जाते. थंडीच्या रात्री लाकडी टिपऱ्या वाजवत, चुली विझल्या का म्हणून हाळी देत गल्लीतून फेरी काढण्याची रीत त्या काळापासून चालत आली. अग्निशमनाची आधुनिक यंत्रणा आल्यावर ती फेरी बंद पडायला हरकत नव्हती. ती टिकली, कारण वर्षअखेरच्या रात्री मोठ्यांबरोबर अंधारात टिपऱ्या वाजवत हिंडण्याचा हक्क मुले सहजासहजी सोडत नाहीत. गल्लीतली मुले हाळी देऊन गेली की घराघरांतली माणसे उठून शेगडीकडे एक नजर टाकतात. मुलांचा खेळ आणि मोठ्यांची जबाबदारी एकाच फेरीत पार पडते.

विसाव्या शतकात तयारीची सूत्रे राज्याच्या हाती गेली आणि तिचा सूर बदलला. १ सप्टेंबर १९२३ ला दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना टोकियो आणि योकोहामा हादरली. जेवणाची वेळ होती, चुली पेटलेल्या होत्या. मृतांचा आकडा एक लाखावर गेला आणि त्यातले बहुसंख्य आगीत गेले. पुढे युद्धकाळात शेजारपाजारच्या घरांचे सक्तीचे गट करून त्यांच्याकडून हवाई हल्ल्यांसाठी बादल्यांच्या रांगांची कवायत करून घेतली जाई. मुलांच्या डोक्यावर कापूस भरलेली टोपडी चढली. त्याच टोपड्याचा शांततेच्या काळातला वारस टोकियो परिसरातल्या अनेक शाळांत अजून दिसतो. एरवी ते बाकावरचे आसन असते, भूकंपात डोक्यावर घ्यायचे. १९५९ च्या इसे उपसागरातल्या वादळात पाच हजार बळी गेल्यावर सरकारने १९६० पासून १ सप्टेंबर हा आपत्ती प्रतिबंध दिन ठरवला. त्या दिवशी देशभर भोंगे वाजतात, मंत्री कवायतीत उतरतात, शाळा मैदानावर रांगा लावतात. या शिस्तीने खूप काही साधले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती वरून येणारी शिस्त होती. शाळा सुटली की रांग सुटे, आणि मोहल्ल्याच्या कवायतीला तीच ती वयस्क मंडळी येत. तरुण आईबाप सुटीचा दिवस कवायतीत घालवायला तयार नसत.

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे शहराखाली भूकंप झाला तेव्हा या पद्धतीच्या मर्यादा उघड झाल्या. ६,४३४ माणसे गेली, बहुतेक जण पहिल्या काही मिनिटांत, कोसळलेल्या जुन्या लाकडी घरांखाली आणि पडलेल्या कपाटांखाली. ढिगाऱ्यांतून जिवंत बाहेर काढलेल्या लोकांपैकी मोठा भाग घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढला, कारण इतक्या ठिकाणी एकाच वेळी पोचणे कोणत्याही अग्निशमन दलाला शक्य नव्हते. म्हणजे पहिल्या तासात जीव वाचवणारी संस्था घर आणि गल्ली हीच होती, आणि सगळ्यात कमी सराव तिलाच होता. दहाव्या स्मृतिवर्षी, २००५ मध्ये, कोबेमध्ये नागाता हिरोकाझू यांनी एक निराळा प्रयोग उभा केला. कलावंत फुजी हिरोशी यांनी मुलांसाठी जुन्या खेळण्यांच्या अदलाबदलीचा बाजार आधीच सुरू केला होता. नागातांनी त्या बाजारालाच आपत्तीचा सराव जोडला. मूल जुने खेळणे आणते, त्याचे गुण मिळतात. आणखी गुण हवे असतील तर सराव करायचा: घोंगडीची झोळी करून त्यातून बेडकाची मोठी बाहुली उचलून पळायचे, अग्निशामक नळकांड्यातल्या पाण्याने निशाणावरचा बेडूक पाडायचा, मोटारीचा जॅक लावून ढिगाऱ्याखालची बाहुली सोडवायची, बादल्यांची साखळी करायची. शेवटी हव्या त्या खेळण्यांचा लिलाव. ‘इझा! काएरु कॅरव्हॅन’ नावाचा हा बेडकांचा जत्था जपानभर पसरला आणि इंडोनेशियासारख्या देशांनी त्याची आपापली रूपे घडवली. कवायतीला न येणारे तरुण आईबाप इथे मुलांच्या मागून आले आणि उभ्या उभ्या जॅक लावायला शिकले. जॅक तर त्यांच्या गाडीत आधीपासून होताच. तो माणूस सोडवायला वापरता येतो एवढेच ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास, २००४ मध्ये, मानसशास्त्रज्ञ यामोरी कात्सुया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबेच्या कर्मचाऱ्यांच्या अनुभवांवरून ‘क्रॉसरोड’ नावाचा पत्त्यांचा खेळ केला. पत्त्यावर एक पेच असतो. निवाऱ्यात तीन हजार माणसे आहेत, जेवणे दोन हजार आली आहेत. वाटायची की नाही? प्रत्येकाने हो किंवा नाही असा पत्ता उलटा ठेवायचा, मग सगळ्यांनी एकदम उघडायचा आणि आपले कारण सांगायचे. बहुमतात असणाऱ्यांना गुण मिळतात, पण एकटाच वेगळे उत्तर देणाऱ्याला सोनेरी गुण मिळतो. घरात खेळताना प्रश्न घराचे होतात: निवाऱ्यात आपण शिधा नेला आहे, शेजारच्या कुटुंबाकडे काहीच नाही, आपला डबा उघडायचा का? बरोबर उत्तर कुणापाशीच नसते. पण हा वाद जेवणाच्या टेबलावर एकदा झालेला असला तर संकटात तो पहिल्यांदा होत नाही. जपानी घरांत असे आणखीही बरेच छोटे सराव रुजले. वर्तमानपत्राची ताटली घडवायची, उष्णता सोसणाऱ्या पिशवीत भात शिजवायचा, विजेरीवर पाण्याची बाटली ठेवून खोलीभर उजेड पाडायचा. आपत्तीत निरोप ठेवण्यासाठी १९९८ मध्ये १७१ हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला तो सरावासाठी खुला असतो. त्या दिवशी आजोबांनी निरोप ठेवावा आणि नातवाने तो दुसऱ्या फोनवरून ऐकावा, एवढा खेळ पुरतो. यंत्रणा कितीही चांगली असली तरी ती वापरण्याची सवय घरातच लागते.

आनंदाने जपलेली शिकवण शतकभर टिकते का, याचे सर्वांत ठसठशीत उत्तर जपानबाहेर सापडते. इंडोनेशियातले सिमेउलुए हे बेट २६ डिसेंबर २००४ च्या महाभूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होते. तिथे ४ जानेवारी १९०७ रोजी लाट आली होती आणि ती आठवण ‘स्मोंग’ या नावाने गोष्टींत उतरली होती. संध्याकाळी म्हाताऱ्यांनी नातवंडांना सांगायच्या या गोष्टी. त्यांत सार एकच: जमीन जोरात हलली, समुद्र मागे गेला, की कशासाठीही न थांबता डोंगर गाठायचा. बेटाच्या उत्तर टोकावरच्या लांगी या सुमारे आठशे वस्तीच्या गावात भूकंपानंतर आठेक मिनिटांत लाट पोचली, पण एकही माणूस दगावला नाही. सगळ्या बेटावर ७८ हजारांच्या आसपास लोकसंख्येत सात मृत्यू झाले. समोरच्या आचेच्या किनाऱ्यावर दीड लाखाहून अधिक माणसे गेली. या बेटाचे श्रेय अनेकदा एका गाण्याला दिले जाते. पण आज सर्वत्र ऐकू येणारी स्मोंगची गाणी मुख्यतः २००४ नंतर गाजली, आणि शतकभराचे ओझे उचलले ते गोष्टींनी. त्यामुळे मुद्दा अधिकच बळकट होतो. बेटावर भोंगा नव्हता, नकाशा नव्हता, कवायत नव्हती. आठ मिनिटांत कोणताही सरकारी इशारा पोचला नसता. सत्त्याण्णव वर्षे टिकलेली तयारी आजी-आजोबांच्या तोंडून आलेली होती. यावर कुणी म्हणेल, सिमेउलुएला गावामागेच डोंगर होते, आचेमधले बांदा आचे शहर सपाट होते. हे खरे आहे. गोष्ट डोंगर निर्माण करत नाही. पण असलेल्या डोंगराकडे वेळेत धाव घ्यायला गोष्ट लागते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला असा की मृत्यूशी गाठ असलेल्या गोष्टीचा खेळ केला तर मुलांना त्याचे गांभीर्य उरणार नाही. जपानच्या इतिहासात याचे जुने उत्तर आहे. १८५५ च्या एदो भूकंपानंतर काही आठवड्यांतच शहरात रंगीत छापील चित्रांचा पूर आला. जमिनीखालचा प्रचंड मासा शेपूट हलवतो आणि भूकंप होतो या समजुतीवर ती बेतलेली होती. माशाला मारणारे लोक, माशाशी मेजवानी करणारे सुतार, माशाला दटावणारा देव असे सगळे विनोद त्यांत होते. ती चित्रे विकत घेणाऱ्यांत आप्त गमावलेले लोकही होते. हसणे आणि दुःख त्यांच्या घरात एकत्र नांदत होते. भीती माणसाला एकदा हलवते, पण ती फार दिवस घरात ठेवता येत नाही, घर तिला बाहेर काढतेच. सराव टिकवायचा तर घराला पुन्हा पुन्हा हवेसे वाटेल असे काही तरी त्यात असावेच लागते.

दुसरा आक्षेप फार गंभीर आहे आणि त्याला त्याच सानरिकू किनाऱ्यावरच्या कामाइशी शहराचा पुरावा आहे. शहराच्या उनोसुमाई भागात २०१० साली आपत्ती प्रतिबंध केंद्राची नवी इमारत झाली. ती त्सुनामीत आसरा घेण्याची ठरलेली जागा नव्हती, ती जागा डोंगरावर होती. पण चढ वृद्धांना अवघड पडे आणि कवायतीला लोक कमी येत, म्हणून सरावापुरते याच जवळच्या इमारतीत जमायचे ठरले. ३ मार्च २०११ ला, १९३३ च्या लाटेच्या वार्षिक दिवशी, तसा सराव झाला. आठ दिवसांनी खरा भूकंप झाला तेव्हा लोक सरावात गेले होते तिथेच गेले. पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत भरले आणि त्या इमारतीत दीडशेहून अधिक माणसे गेल्याचा अंदाज आहे. सराव सोपा केला, लोकांना आवडेल असा केला, आणि त्याने चुकीची जागा पायात बसवली. सवय ही सत्य-असत्य पारखत नाही. आनंदाने रुजलेली चूकही आनंदाने रुजलेल्या सत्याइतकीच टिकते.

पण त्याच उनोसुमाईत, त्याच दुपारी, आणखी एक गोष्ट घडली. तिथल्या माध्यमिक शाळेची मुले आधी ठरलेल्या जागी पळाली, ती जागा पुरेशी उंच नाही असे वाटल्यावर आणखी वर पळाली, आणि वाटेत शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या लहानग्यांचे हात धरले. कामाइशीत हजाराहून अधिक माणसे गेली, पण शहराच्या सुमारे तीन हजार शाळकरी मुलांपैकी पाच सोडून सगळी वाचली. गुन्मा विद्यापीठाचे काताडा तोशिताका २००४ पासून तिथे शिकवत होते. त्यांची शिकवण कठीण होती: ठरलेल्या अंदाजावर विसंबू नका, त्या क्षणी जे सर्वोत्तम ते करा, आणि इतरांची वाट न पाहता आधी निघा. मुलांनी आपल्या घर-शाळेच्या वाटेचे नकाशे स्वतः काढले. घरी एक अवघड संवाद करायचे काम त्यांच्याकडे होते. मी पळणारच आहे, तेव्हा मला शोधायला येऊ नका, तुम्हीही पळा, हे आईवडिलांना पटेपर्यंत त्यांनी सांगायचे होते. या किनाऱ्यावर ‘त्सुनामी तेंदेन्को’ नावाने ओळखली जाणारी शिकवण हीच, प्रत्येकाने आपापले पळावे. इतिहासकार यामाशिता फुमिओ यांनी १९९० च्या सुमारास तिला व्यापक ओळख दिली. वरवर ती निष्ठुर वाटते. प्रत्यक्षात घरातल्या प्रत्येकाने आधी एकमेकांवर विश्वास ठेवला असेल तरच ती पाळता येते, आणि तो विश्वास भोजनाच्या वेळी, नकाशा पसरून, पुन्हा पुन्हा बोलूनच तयार होतो. उनोसुमाईच्या या दोन घटना शेजारी ठेवल्या की कसोटी स्पष्ट होते. घरगुती सरावाचे वेष्टन कितीही गोड असावे, आतला अवघड भाग जसाच्या तसा राहिला पाहिजे. डोंगर चढायचा असेल तर चढायलाच हवा. वाटेत गोष्टी सांगा, वर गेल्यावर शिदोरी सोडा, पण पायथ्याशी थांबून सराव झाला म्हणू नका.

तिसरा आक्षेप असा की या सगळ्यातून राज्याची जबाबदारी घरावर, आणि घरात पुन्हा बाईवर ढकलली जाते. हा आक्षेप मला मान्य आहे आणि इतिहासही त्याच्या बाजूने बोलतो. कोबेत कोसळलेली घरे मुख्यतः १९८१ च्या कडक बांधकाम नियमांपूर्वीची होती. त्या नियमांनी वाचवलेले जीव कोणत्याही खेळाने वाचवलेल्यांपेक्षा जास्त आहेत. हिरोतही माती वाहण्याचा सण होण्याआधी कुणी तरी खरा पैसा ओतून खरा बांध घातला होता. बांधाशिवाय सण केला असता तर १९४६ च्या लाटेने तो वाहून नेला असता. म्हणून घरगुती तयारी हा पर्याय म्हणून कुणी पुढे करत असेल तर त्याला ठाम नकार द्यावा. पण एक गोष्ट राज्य करू शकत नाही: पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या घरात हजर राहणे. तेवढा वेळ घराचाच असतो. तो सगळ्या घराचा असावा, एकट्या आईचा नसावा, यासाठी तर त्यात बाप आणि मुले खेचणारा खेळ हवा.

मराठी वाचकाला हा दूरदेशीचा इतिहास वाटू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसर हादरला. ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले असताना, किल्लारी आणि आसपासची गावे कोसळली. आठ ते दहा हजार माणसे गेली. तिथेही आदल्या वर्षी धक्के बसत होते, लोक काही दिवस घराबाहेर झोपले होते, मग मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या आत परतले. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या गोष्टी घराघरात सांगितल्या गेल्या. आपल्याकडे आठवणी आहेत. त्या बहुतेक वेळा काय गेले हे सांगतात. काय करायचे, कुठल्या वाटेने, कुठे जायचे, हे त्यांत क्वचितच असते. सिमेउलुएच्या गोष्टीत नेमके तेच शेवटचे वाक्य असे.

आणि तयारीचा सण करणे मराठी घराला परके नाही. कोकणात पावसाळ्याआधी आगोट भरायची रीत होती. चार महिने वाटा बंद होणार म्हणून धान्य, मिठापासून सुक्या मासळीपर्यंत सगळे भरून ठेवायचे, पापड-फेण्या-कुरडयांसाठी शेजारणी जमायच्या, पोरांनी कच्च्या लाट्या खायच्या आणि वाळवणावरचे कावळे हाकायचे. पुढच्या अडचणीची ती बेगमी होती, पण मुलांच्या लेखी तो सुटीतला उत्सव होता. दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला करतात, पायथ्याशी गाव मांडतात. त्या गावात आपली खरी नदी, २०१९ साली पाणी आले तिथवरची रेघ आणि वर जाण्याची खरी वाट मांडायला काही खर्च येत नाही. मग एका संध्याकाळी सगळ्या घराने ती वाट आजीच्या चालीने खरोखर चालावी, वेळ मोजावा, आणि जिथे आजी थकली तिथे तिला कोण उचलणार हे किल्ल्यापाशी बसून ठरवावे. तारीख ठरलेली असली, करताना मजा आली आणि अवघड भाग गाळला नाही, तर हे काम सुरू करणारा माणूस पुढे नसला तरी चालेल. हिरोत १९०३ साली पहिली माती वाहणारे कुणीही आज हयात नाहीत, तरी दर नोव्हेंबरात बांधाची उंची मुलांना आपल्या पायांनी कळते. किल्लारीनंतर, पानशेतनंतर, २६ जुलैनंतर एवढे एक काम आपल्या घरांकडे शिल्लक आहे आणि त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.